चिमुकल्या स्टेशनाचें वय

पुण्यास कोथरूड येथें भाऊ जोशी यांनीं उभारलेलें छोट्या रेल्वेगाड्यांचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांस खुलें झालें. ज्यांनीं तें पाहिलें असेल, त्यांस आजचा विषय अगदींच अपरिचित वाटणार नाहीं. तेथें गाड्या धांवतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात, आणि पाहणाराची नजर प्रथम इंजिनामागें धांवते. परंतु तें इंजिन खरें वाटतें तें भोंवतालच्या घरांमुळें. मोकळ्या टेबलावर धांवणारें इंजिन हें खेळणें. तेंच एखाद्या स्टेशनाजवळून गेलें, म्हणजे तो प्रवास होतो. असलें एक स्टेशन सुट्या भागांच्या संचांतून कसें उभें करावें आणि त्यास ऊनपावसाचा हात कसा द्यावा, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम मापाचा विचार करूं. या छंदांत फार प्रचलित असलेल्या प्रमाणास एचओ म्हणतात. त्यांत खऱ्या वस्तूचा एक फूट म्हणजे प्रतिकृतींतील साडेतीन मिलिमीटर, अर्थात् सुमारें ८७ वा हिस्सा. तीस फूट लांबीचें स्टेशन या हिशेबानें १०५ मिलिमीटर, म्हणजे साधारण वीतभरांतच मावतें. आपल्या रुंद रुळांमधील अंतर ५ फूट ६ इंच. मध्यम बांध्याच्या मनुष्याची उंचीहि जवळजवळ तितकीच. तेव्हां प्रतिकृतींतील मनुष्य १९ मिलिमीटरांचा आणि सात फुटी दरवाजा साडेचोवीस मिलिमीटरांचा झाला पाहिजे. स्टेशनमास्तरांचें डोकें चौकटीस लागूं लागलें, कीं पुढची सारी कारागिरी व्यर्थ होय.

बाजारांत मिळणारे बहुतेक संच युरोप-अमेरिकेंतील घरांचे असतात. बर्फ घसरून जावें म्हणून त्यांचीं छपरें उभ्या उताराचीं, आणि थंडीसाठीं धुराडीं. तसेंच घर जोडून त्यावर मराठी पाटी लावली, तर तें आपलें स्टेशन होत नाहीं. धुराडें काढावें, पुढें पडवी जोडावी, आणि कौलांचा विचार काळ पाहून करावा. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटांतील लोहमार्ग १८६५ सालीं सुरू झाला. मंगळूरास बासेल मिशननें कौलांचा कारखाना काढला तोहि त्याच सालीं. म्हणून घाटांतील पहिल्या दिवसांचें स्टेशन करणारानें त्यावर मंगळुरी कौलें घालूं नयेत. पुढच्या काळाचें करणारानें खुशाल घालावीं. इमारतीच्या प्रत्येक भागाला स्वतःचें एक साल असतें, हा या छंदांतला पहिला धडा.

आतां जोडणी. प्लॅस्टिकचे भाग सांच्यांतून निघतांना त्यांवर तेलकट अंश राहूं शकतो, व त्यावर रंग धरत नाहीं. म्हणून ते साबणाच्या कोमट पाण्यानें धुऊन वाळवावे. भाग चौकटीपासून पिळून तोडूं नयेत, लहान कातरीनें कापावे व उरलेला टोंचा कानशीनें घासावा. डिंक लावण्यापूर्वीं सर्व भाग एकदां कोरडेच जुळवून पाहावे. प्लॅस्टिकचा पातळ डिंक हा खऱ्या अर्थानें डिंक नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित् विरघळवितो व दोन्ही कडा एकजीव होतात. सांधा घट्ट धरून कुंचल्याचें टोंक नुसतें टेंकविलें, कीं दिव्याच्या वातींत तेल चढावें तसा तो फटींत आपोआप शिरतो. कोपरा गुण्यांत आहे हें पाहून भिंती रात्रभर तशाच ठेवाव्या. हें काम खिडकी उघडी ठेवून करावें, आणि पातें मुलांच्या हातीं देऊं नये.

आपल्या घाटांतील दगड काळा म्हणून प्रसिद्ध. पण जरा निरखून पाहा. तो राखाडी आहे, कोठें निळसर, कोठें तांबूस. शिवाय लांबून पाहिलेला रंग नेहमींच फिका दिसतो, आणि प्रतिकृति आपण लांबूनच पाहत असल्यासारखी असते. म्हणून शुद्ध काळा रंग वर्ज्य समजावा. प्रथम मध्यम राखाडी रंगाचा हात द्यावा. मग चारपांच दगड निवडून ते वेगळ्या छटांनीं रंगवावे. तो पुरा वाळल्यावर चुन्याच्या रंगाचें पातळ पाणी भिंतीवर फिरवून फडक्यानें पुसावें. रंग दरजांत राहतो आणि बांधकाम उठून दिसतें.

येथपर्यंत स्टेशन नवें आहे. त्यास म्हातारें करण्याच्या कलेस इंग्रज लोक वेदरिंग म्हणतात. तिचा नियम एकच : प्रत्येक डागास कारण असलें पाहिजे. पाणी वरून खालीं वाहतें, म्हणून ओघळ पन्हाळीच्या फुटक्या टोंकाखालीं आणि खिडकीच्या उंबऱ्याखालीं काढावे. पावसाचे थेंब जमिनीवरून उडतात, म्हणून जोत्याजवळ हातभर पट्टा मातकट असावा. इगतपुरीस वर्षास सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरीं त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. तेव्हां घाटांतील स्टेशनाच्या भिंतीवर, विशेषतः पावसाळी वाऱ्याच्या तोंडच्या पश्चिम बाजूस, शेवाळाचा हिरवा-काळा थर शोभेल. नाशिकच्या स्टेशनावर मात्र धूळ अधिक. काजळीचाहि असाच विचार करावा. १९३० च्या सुमारास मुंबईपासून इगतपुरीपर्यंत विजेचीं इंजिनें आलीं. त्यापुढें मनमाडकडे वाफेचीं इंजिनें आणखी कित्येक वर्षें धांवत होतीं. अर्थात् १९५० सालचें नाशिकरोड काजळलेलें असावें, कसारा त्या मानानें उजळ.

साधनें घरगुती आहेत. पुष्कळ पाणी घातलेला तपकिरी रंग खांचांत उतरवावा. कुंचला जवळजवळ कोरडा करून फिका रंग कडांवरून फिरवावा, म्हणजे झिजलेले कंगोरे उजळतात. गेरू, कोळसा आणि वाळलेली माती मलमलींतून गाळून घ्यावी. हीं चूर्णें कुंचल्यानें चोळलीं, कीं अनुक्रमें गंज, काजळी आणि धूळ तयार. शेवटीं चमक नसलेल्या वार्निशाचा हलका हात द्यावा, आणि खिडक्यांच्या कांचा त्यानंतरच बसवाव्या, नाहींतर त्या अंधुक होण्याचा संभव असतो. हात आंखडता ठेवावा. सर्वत्र सारखा मळविलेला तुकडा नव्या तुकड्याइतकाच खोटा दिसतो.

कोणी विचारील, पैसे मोजून नवी वस्तु आणावी आणि तीस आपल्याच हातानें काजळी फांसावी, यांत शहाणपण तें कोणतें? याचें उत्तर टेबलावर नसून आपल्या घराच्या भिंतीवर आहे. ज्या मुलानें छोट्या भिंतीवर ओघळ काढण्यापूर्वीं तो कोठून येतो हें शोधलें, तो मोठ्या भिंतीवरचा डाग वाचूं शकतो. वरच्या मजल्याची ओल पन्हाळीमुळें कीं फुटक्या कौलामुळें, जोत्याचा लोणा कोठवर चढला, तुळईचें टोंक कां कुजलें, हें त्यास दिसूं लागतें. जुन्या नाशकांतील कित्येक वाडे असल्याच लहान डागांकडे वेळींच न पाहिल्यामुळें खचले. एक कौल बदलण्याचें काम दहा वर्षें राहिलें, म्हणजे भिंत उतरावी लागते.

म्हणून माझी सूचना अशी : संच आणण्यापूर्वीं मुलांस फूटपट्टी, वही आणि पेन्सिल देऊन एखाद्या जुन्या इमारतीपुढें उभें करावें. मालकाची वा अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन दरवाजा मोजूं द्यावा, दगडांचे थर मोजूं द्यावे, आणि प्रत्येक डागापुढें त्याचें कारण लिहूं द्यावें. त्या वहींतील एका फुटास साडेतीन मिलिमीटर धरले, कीं स्टेशन तयार होईल. आणि पुढेंमागें मूळ इमारत पाडली वा तिजवर तैलरंग चढला, तर ती कशी होती हें सांगणारी निदान एक वही घरांत राहील.