बी खोटे की जागा थंड?

जानेवारीतली गोष्ट. शेजारचा आठवीतला मुलगा हातात बशी घेऊन आला. बशीत ओल्या फडक्यावर मिरचीच्या दहा बिया होत्या. "सर, बारा दिवस झाले, एकही उगवली नाही. बाबा म्हणतात, बी खोटं निघालं."

विद्यार्थी मित्रांनो, आमचे जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथेच महिको ही बियाणे कंपनी काढली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याचा हंगाम बियाण्यावर अवलंबून असतो. तेव्हा बियाण्यावर आरोप करायचा, तर आधी तपास हवा.

आम्ही तापमापक घेतला. खिडकीतल्या हवेचे तापमान २५° से. भरले. मिरचीच्या उगवणीला २५ ते ३० अंश तापमान मानवते. म्हणजे हवा ठीक होती. मग तापमापकाचा फुगा बशीतल्या ओल्या फडक्यात गुंडाळला. पारा उतरत उतरत १७ अंशांवर थांबला!

असे का झाले? पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते; एका ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी. ती बरीचशी फडक्यातूनच घेतली जाते. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. हिवाळ्यात आमच्याकडची हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवन जोरात चालते. बिचाऱ्या बिया जणू माठातच बसल्या होत्या! रात्री तर गारठा आणखी वाढे. इतक्या थंडीत मिरचीचे बी फार रेंगाळते.

पुडीत बिया शिल्लक होत्या. दहा बिया पूर्वीप्रमाणेच उघड्या बशीत ठेवल्या. दुसऱ्या दहा ओल्या फडक्यासह झाकणाच्या डब्यात घालून स्वयंपाकघरातल्या उबदार फळीवर ठेवल्या. बंद डब्यातली हवा बाष्पाने संपृक्त होते, बाष्पीभवन जवळजवळ थांबते आणि फडके गार पडत नाही. नवव्या दिवशी डब्यातल्या सात बियांना कोंब आले होते. बशीत एकही नाही!

प्रमाणित मिरची बियाण्याची उगवणशक्ती किमान ६० टक्के असावी लागते. केवळ दहा बियांवरून टक्केवारी सांगणे धाडसाचे. पण बी जिवंत होते, हे नक्की.

कोंबाचे बी तळाला भोक पाडलेल्या डबीत, माती व शेणखताच्या मिश्रणात अर्धा सेंटिमीटर खोल लावा. रोप वर येताच ते उजेडात न्या. घरातला उजेड आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटतो. पण उन्हात एक लाख लक्स प्रकाश असतो, तर खोलीत जेमतेम काही शे. अंधुक जागेत रोप उजेडाच्या शोधात उंच, बारीक वाढते आणि कोलमडते. म्हणून सकाळचे कोवळे ऊन द्या. पाचसहा आठवड्यांत रोप कुंडीत लावण्याजोगे होते.

मुलाच्या वडिलांनी रोपे पाहिली आणि हसून म्हणाले, "बी खरं होतं, आमचाच अंदाज खोटा निघाला."

तुम्हीही दोन बश्या मांडून पाहा. मात्र रोजचे तापमान वहीत लिहायला विसरू नका.