किंग यांच्या सुट्टीला ३२ वर्षं का लागली

जानेवारीचा तिसरा सोमवार आला की अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत एक पेच पडतो. मुलांच्या शाळेला सुट्टी, पोस्ट आणि बँका बंद, पण आई-बाबांचं ऑफिस चालू. काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिवसाची सुट्टी देशाच्या कॅलेंडरवर आहे, तर ती सगळ्यांना का मिळत नाही? याचं उत्तर अमेरिकेत सुट्टी कशी जन्माला येते त्यात दडलं आहे. किंग यांच्या सुट्टीचा प्रवास पाहिला की ती पद्धत जशी स्पष्ट दिसते, तशी दुसऱ्या कुठल्याच सुट्टीतून दिसत नाही.

अख्ख्या देशाला बांधील अशी सुट्टी अमेरिकेच्या कायद्यात नाहीच. वॉशिंग्टनमधली काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, आपल्या म्हणजे फेडरल सरकारच्या कर्मचाऱ्यांना आणि राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्याला सुट्टी देऊ शकते. तिथे तिचा अधिकार संपतो. ५० राज्यं आपापल्या कर्मचाऱ्यांचं आपण ठरवतात, शाळांच्या सुट्ट्या बहुतेक ठिकाणी स्थानिक शाळा मंडळं ठरवतात. खासगी मालकाने पगारी सुट्टी द्यावीच असं सांगणारा फेडरल कायदा नाही. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरची पगारी सुट्टी दुकानं-आस्थापनांच्या कायद्यातच लिहिलेली असते, त्यामुळे आपल्याला हे चटकन पटत नाही. तिथे फेडरल सुट्टीचं वजन येतं ते अनुकरणातून: मध्यवर्ती बँक बंद म्हणून इतर बँका बंद, मग हळूहळू बाकीचे. न्यूयॉर्कचा शेअर बाजार किंग यांच्या दिवशी बंद राहू लागला तो थेट १९९८ मध्ये.

या सुट्ट्यांचा पहिला कायदा १८७० चा. नववर्ष, ४ जुलै आणि नाताळ त्यात आले, तेही फक्त राजधानीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. पुढे यादी वाढत गेली. १९६८ मध्ये काँग्रेसने आणखी एक कायदा करून काही सुट्ट्या कायमच्या सोमवारी नेल्या, म्हणजे लोकांना सलग तीन दिवस मिळावेत. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारीचा; त्यांची सुट्टी आता फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी असते, आणि तिसरा सोमवार २१ तारखेच्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणजे हा कायदा लागू झाल्यापासून वॉशिंग्टन यांची सुट्टी त्यांच्या खऱ्या जन्मदिवशी एकदाही आलेली नाही.

हे १९६८ साल लक्षात ठेवा. त्या वर्षी ४ एप्रिलला मेम्फिसच्या लॉरेन मोटेलमध्ये किंग यांची हत्या झाली. चारच दिवसांनी, ८ एप्रिलला, मिशिगनचे प्रतिनिधी जॉन कॉन्यर्स यांनी त्यांच्या जन्मदिवसाच्या सुट्टीचं विधेयक मांडलं. ते पडून राहिलं. कॉन्यर्स यांनी ते पुन्हा पुन्हा मांडलं, न्यूयॉर्कच्या शर्ली चिझम त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या, आणि दर वेळी ते समितीतच अडकलं. विरोधकांची दोन कारणं ठरलेली असत. एक, कर्मचाऱ्यांना आणखी एक पगारी सुट्टी देणं परवडत नाही. दोन, किंग यांनी कधी सरकारी पद भूषवलं नाही, मग खासगी नागरिकाच्या नावाने सुट्टी कशी?

दुसरं कारण मला कधीच प्रामाणिक वाटलेलं नाही. जून १९६८ मध्ये सोमवारच्या सुट्ट्यांचा जो कायदा झाला, त्याच कायद्याने ख्रिस्तोफर कोलंबसच्या नावाची नवी फेडरल सुट्टी दिली. कोलंबसने अमेरिकेच्या सरकारात कुठलं पद भूषवलं होतं? त्याच्या वेळी ते सरकारच नव्हतं. तेव्हा अडचण पदाचीही नव्हती आणि खर्चाचीही नव्हती. अडचण होती ती एका काळ्या माणसाला त्या यादीत बसवण्याची.

काँग्रेसचे नियम कसे चालतात ते १९७९ मध्ये दिसलं. प्रतिनिधीगृहात विधेयक झटपट आणण्याची एक वाट आहे: नेहमीचे नियम बाजूला ठेवायचे, चर्चा थोडक्यात उरकायची, दुरुस्त्या घ्यायच्याच नाहीत. पण मग साधं बहुमत पुरत नाही, दोन तृतीयांश मतं लागतात. किंग यांच्या विधेयकाला बाजूने २५२ आणि विरोधात १३३ मतं पडली. स्पष्ट बहुमत होतं, तरी पाच मतांनी ते हुकलं. मग ते नेहमीच्या वाटेने आणलं, तर तिथे दुरुस्त्यांना दार उघडं असतं. एकाने सुट्टी रविवारी ठेवण्याची दुरुस्ती आणली आणि ती मंजूरही झाली. रविवारी सुट्टी म्हणजे सुट्टीच नाही. समर्थकांनी विधेयक मागे घेतलं, आणि माझ्या मते ते योग्यच केलं; तसली पोकळ सुट्टी मिळाली असती तर खरी सुट्टी पुन्हा कुणी मागूच दिली नसती.

मधली चार वर्षं रस्त्यावर गेली. किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग देशभर फिरल्या, गायक स्टीवी वंडर यांनी या मागणीसाठी गाणं केलं आणि सभांना गर्दी खेचली. सुमारे ६० लाख सह्यांचं निवेदन काँग्रेसपुढे आलं.

१९८३ मध्ये सूत्रं आली इंडियानाच्या केटी हॉल यांच्याकडे. त्या नुकत्याच निवडून आल्या होत्या आणि पोस्ट व नागरी सेवा समितीच्या एका उपसमितीच्या अध्यक्ष होत्या. किंग यांचा विषय पोस्टाच्या समितीकडे कसा, असं वाटेल. पण फेडरल सुट्टी म्हणजे मुळात कर्मचाऱ्यांची रजा, त्यामुळे तो त्याच समितीचा विषय. हॉल यांनी एक व्यवहारी बदल केला: १५ जानेवारी या नेमक्या तारखेऐवजी जानेवारीचा तिसरा सोमवार. त्यामुळे आठवड्याच्या मधेच काम थांबण्याचा मुद्दा गळून पडला. २ ऑगस्टला प्रतिनिधीगृहाने ते ३३८ विरुद्ध ९० मतांनी मंजूर केलं.

सिनेटमध्ये मात्र एकटा सदस्यही बोलत राहून कामकाज अडवू शकतो. नॉर्थ कॅरोलायनाचे जेसी हेल्म्स यांनी तेच केलं. किंग कम्युनिस्टांच्या प्रभावाखाली होते असा आरोप त्यांनी केला. एफबीआयने किंग यांच्यावर पाळत ठेवून गोळा केलेली सामग्री न्यायालयाने १९७७ मध्ये ५० वर्षांसाठी सीलबंद केली होती. ती उघडा, अशीही मागणी त्यांनी केली. ज्या यंत्रणेने एका माणसाच्या मागे वर्षानुवर्षं हेर लावले, तिच्याच कागदांवरून त्याची लायकी ठरवा म्हणणं हा त्या माणसावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होता. सिनेटने ते मानलं नाही. रिपब्लिकन नेते हॉवर्ड बेकर यांनी विधेयक समितीत अडकू न देता थेट सभागृहात आणलं होतं. १९ ऑक्टोबरला ७८ विरुद्ध २२ मतांनी ते पार झालं. बाजूने मत देणाऱ्यांत ३७ रिपब्लिकन होते, हेही नोंदवायला हवं. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन आधी खर्चाचं कारण देऊन नाखूश होते, पण दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांशाहून जास्त मतं असताना नकाराधिकार वापरून काही साधणार नव्हतं. २ नोव्हेंबर १९८३ ला त्यांनी सही केली.

सही १९८३ ची, मग पहिली सुट्टी २० जानेवारी १९८६ ला का? कायद्यातच तसं लिहिलं होतं: मंजुरीनंतर दोन वर्षं पूर्ण झाल्यावर येणाऱ्या पहिल्या १ जानेवारीपासून अंमल.

आता राज्यांकडे वळू, कारण खरी झटापट तिथे झाली. इलिनॉयने ही सुट्टी १९७३ मध्येच दिली होती, काँग्रेसच्या दहा वर्षं आधी. ॲरिझोनाची गोष्ट उलटी. १९८६ मध्ये गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी आदेश काढून सुट्टी दिली. १९८७ च्या जानेवारीत नवे गव्हर्नर इव्हान मेकम यांनी ती रद्द केली. गव्हर्नरला असा अधिकारच नव्हता, हा त्यांचा युक्तिवाद. कायद्याच्या अंगाने त्यात तथ्य असेलही, पण आल्या आल्या पहिल्याच दिवसांत हात घातला तो नेमका याच आदेशाला. १९९० मध्ये प्रश्न थेट मतदारांपुढे गेला आणि त्यांनी नकार दिला. मग अमेरिकन फुटबॉलच्या लीगने १९९३ चा सुपर बोल सामना ॲरिझोनातून काढून कॅलिफोर्नियाच्या पॅसाडिनाला नेला. त्यासोबत पर्यटनाचा मोठा पैसाही गेला. १९९२ मध्ये त्याच मतदारांनी सुट्टी मंजूर केली. पैशाच्या धाकाने आलेला न्याय मला पुरेसा वाटत नाही, तरी तो न आलेल्या न्यायापेक्षा बरा. न्यू हॅम्पशायरने सुट्टीला किंग यांचं नाव १९९९ मध्ये दिलं. साउथ कॅरोलायनाने २००० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना ही पगारी सुट्टी दिली, आणि तेव्हा कुठे ५० चा आकडा पुरा झाला.

त्यानंतर २०२१ मध्ये जूनटीन्थची सुट्टी आली. १९ जून १८६५ ला टेक्सासच्या गॅल्व्हस्टनमध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी पोचली, त्याची ही आठवण. सिनेटने ती १५ जूनला एकमताने मंजूर केली, प्रतिनिधीगृहाने दुसऱ्या दिवशी ४१५ विरुद्ध १४ मतांनी, आणि १७ तारखेला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांची सही झाली. इतक्या सहज, कारण किंग यांच्या विधेयकाने १५ वर्षं धडका देऊन ती वाट आधीच मोकळी केली होती.

१९५९ मध्ये किंग पती-पत्नी भारतात आले, तेव्हा मुंबईत मणिभवनात, गांधीजींच्या जुन्या मुक्कामाच्या जागी, उतरले होते. ज्यांनी आपल्या लढ्याची रीत इथून शिकून घेतली, त्यांचं नाव आजही अलाबामा आणि मिसिसिपीत एकट्याने येत नाही. जानेवारीच्या त्याच सोमवारी ही दोन राज्यं रॉबर्ट ई. ली यांचाही जन्मदिवस पाळतात. ली म्हणजे गुलामगिरी टिकवायला निघालेल्या फुटीर राज्यांचे सेनापती. व्हर्जिनियाने ही जोडी २००० मध्ये मोडली, आर्कन्सॉने २०१७ मध्ये. काँग्रेसला यात काही करता येत नाही. राज्याच्या कर्मचाऱ्यांची सुट्टी राज्याचीच. मॉन्टगोमेरी आणि जॅक्सन या त्यांच्या राजधान्यांतल्या विधिमंडळांनी एकेक छोटं विधेयक साध्या बहुमताने मंजूर करायचं आणि गव्हर्नरांनी सही करायची, एवढंच काम उरलं आहे.