गाडीच्या श्वासाचा जमाखर्च

व्यापारी घरात मोटारीकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. वडिलांच्या लेखी ती पेढीच्या कामाची वस्तू असते. सकाळी मोंढ्यात, दुपारी बँकेत आणि लग्नसराईत पाहुण्यांच्या गावी वेळेवर पोहोचवणे एवढेच तिचे काम. मुलाच्या लेखी ती यंत्र असते, आणि यंत्र आहे त्याहून सरस चालावे असे तरुण मनाला वाटणे स्वाभाविकच आहे. लातूर आणि नांदेड येथील घरांतही टर्बो पेट्रोल इंजिनाच्या वेगवान गाड्या आता उभ्या असतात. त्यांच्याबरोबर एक नवा विषय जेवणाच्या वेळी निघू लागला आहे: कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून त्याजागी थंड हवा घेणारा खास डबा बनवून घ्यावा का?

हा प्रश्न हौसेचा म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. त्यात पैसा आहे, इंजिनाचे आयुष्य आहे आणि कायद्याचाही भाग आहे. नीट हिशेब मांडला तर काही ठिकाणी लाभ दिसतो, काही ठिकाणी केवळ आवाज वाढतो, आणि एकदोन चुकांपायी इंजिनच उघडण्याची वेळ येते.

वेगवान गाड्यांशी मराठवाड्याचा संबंध तसा जुना आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत स्कोडाने २००१ मध्ये ऑक्टाव्हिया बांधण्यास प्रारंभ केला. पुढे २००४ मध्ये त्याच गाडीची १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची आरएस आवृत्ती भारतात आली आणि हौशी मंडळींच्या मनात घर करून बसली. २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातील पोलो जीटी टीएसआय आली. अवघ्या १.२ लिटरच्या इंजिनातून टर्बोच्या साहाय्याने १०५ अश्वशक्ती काढणारी ही गाडी मध्यम घरांच्याही आवाक्यात होती. इंजिनात फेरफार करून पाहण्याची आवड जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचली ती अशाच गाड्यांमुळे.

थंड हवेचे मोल

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो; पण वजनाने पाहिले तर ते पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक हवा खाते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. टर्बो नसलेले दीड लिटरचे इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर ते मिनिटाला जवळपास ४५०० लिटर हवा ओढते. तेलाच्या व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर २०० लिटरची बावीस पिंपे, तीही एका मिनिटात.

मात्र इंजिनाला हवेचे आकारमान नव्हे, तर वजन हवे असते. कारण ज्वलनाला लागणारा प्राणवायू वजनाच्या प्रमाणात मिळतो. हवा तापली की विरळ होते. समुद्रसपाटीच्या दाबाला २५ अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे १.१८ किलो भरते. ४५ अंशांना ती १.११ किलो होते आणि ७० अंशांना १.०३ किलो. पोते तेवढेच, पण आतला माल कमी. मे महिन्यात नांदेडची दुपार ४२-४३ अंशांना टेकते, आणि बंद बॉनेटखाली, रेडिएटर व एक्झॉस्टच्या शेजारी, हवा त्याहून पुष्कळ अधिक तापते. फिल्टरने ४५ अंशांची बाहेरची हवा घेण्याऐवजी ७० अंशांची आतली हवा घेतली, तर प्रत्येक श्वासात हवेचे वजन सुमारे ७ टक्क्यांनी घटते. शिवाय तापलेल्या हवेने इंजिनात ठोका बसू नये म्हणून गाडीचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद आणखी थोडी उतरते.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली ही की कंपनीचे अभियंतेही हे जाणतात. बहुतेक नव्या गाड्यांचा मूळ डबा बाहेरचीच हवा घेतो, त्यामुळे सुधारणेला वाव थोडाच उरतो. दुसरी ही की टर्बो हवा दाबताना तिला स्वतःच तापवतो आणि पुढे इंटरकूलर ती पुन्हा निववतो. म्हणून डब्यात कमावलेले सगळे अंश इंजिनापर्यंत पोहोचत नाहीत.

बाजारात मिळणारा उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर तर बऱ्याचदा तोट्याचा सौदा ठरतो. तो बॉनेटखालची तापलेली हवाच ओढतो. त्याचा घोगरा आवाज चालवणाऱ्याला ताकदीचा भास देतो, एवढेच. समोरून वेगाने येणारी हवा आपोआप इंजिनात कोंबली जाते, ही समजूतही अशीच. ताशी १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा हा दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो.

आधी मोजमाप, मग पत्रा

म्हणून शहाणा माणूस पत्रा कापण्यापूर्वी मोजतो. डिजिटल थर्मामीटरची तार मूळ डब्यात, फिल्टरजवळ ठेवावी आणि दुसरी बाहेर, समोरच्या जाळीपाशी. गाडी चौकातल्या गर्दीत उभी ठेवून एकदा, आणि औसा, चाकूर, अहमदपूर, लोहा असा जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर कायदेशीर वेगाने चालवून एकदा, दोन्ही आकडे शेजारी बसलेल्याने लिहून घ्यावेत. चालत्या गाडीत दोहोंत तीन-चार अंशांचेच अंतर असेल, तर नवा डबा देणार तरी काय?

दुसरे मोजमाप अडथळ्याचे. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरावे. तिचे एक तोंड फिल्टरनंतरच्या पाइपाला जोडावे आणि दुसरे उघडे ठेवावे. पूर्ण ताकद लागते तेव्हा दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जो फरक पडतो, तोच अडथळा. वातावरणाचा संपूर्ण दाब सुमारे १०,३०० मिलिमीटर पाण्याएवढा असतो. फरक १०० मिलिमीटर आला तर अडथळा एक टक्क्याच्या आसपास, आणि तो हटवून मिळणारा लाभही तेवढाच.

हे आकडे पाहूनही डबा बनवावासा वाटला, तर काम आपल्या भागात होण्याजोगे आहे. डाळमिलचे हॉपर, एलिव्हेटरची घरे आणि धूळ काढणारे सायक्लोन बनवणारे पत्र्याचे कारागीर लातुरात पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. हवेचा मार्ग, धुळीचे वर्तन आणि जोडाची घट्टाई यांची त्यांना चांगली जाण असते.

प्रथम जाड पुठ्ठ्याचा डबा करावा. तो इंजिनच्या जागेत बसवून पाहावा आणि बॉनेट हलकेच लावून कोठे घासतो ते तपासावे. मगच दीड-दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून, वाकवून, आर्गन वेल्डिंगने जोडावा. ॲल्युमिनियम प्लास्टिकच्या सुमारे हजारपट उष्णता वाहून नेते. चालत्या गाडीत हवा डब्यातून क्षणार्धात जाते, तेव्हा याचा उपद्रव थोडा. पण गाडी गर्दीत उभी राहिली की डबा तापतो. म्हणून इंजिनकडील बाजूला उष्णतारोधक अस्तर लावणे इष्ट. डब्याच्या वरच्या कडेवर रबराची पट्टी बसवावी, म्हणजे बॉनेट मिटताच ती दबून आतली तापलेली हवा बाहेरच राहील. ताजी हवा आणणारी नळी समोरच्या जाळीमागून, शक्य तितक्या उंचावरून घ्यावी. डब्याच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी लहान छिद्र असावे.

ज्या गाडीत हवेचे वजन मोजणारा संवेदक असतो, तिच्या संवेदकाचा मूळ पाइप तसाच ठेवावा. त्याचा व्यास बदलला की संगणकाचे गणित चुकते आणि पेट्रोलचे प्रमाण बिघडते. हा तराजूच आहे. पारडे बदलून वजने तीच ठेवली, तर तोल खोटाच येणार.

धूळ, पाणी आणि कायदा

आपल्या भागात खरा धोका उष्णतेपेक्षा धुळीचा आहे. मोंढ्यात तूर-सोयाबीनची आवक सुरू असताना, उन्हाळ्यात काळ्या मातीचे रस्ते उडत असताना आणि खडीच्या ट्रकमागून जाताना हवेत जे काही असते, ते सारे इंजिन ओढू पाहते. वाळूचे कण लोखंडी सिलिंडरहून कठीण असतात. फिल्टरच्या कडेने केसाएवढी फट राहिली तरी ते आत शिरतात आणि पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर घासून काढतात. काही महिन्यांनी इंजिन तेल पिऊ लागते, आणि मग दुरुस्तीचा खर्च डब्याच्या खर्चाच्या कितीतरी पट होतो. ट्रॅक्टरच्या हवेचे तोंड बॉनेटच्या वर उंच असते आणि त्यावर धूळ आधीच वेगळी करणारी वाटी असते, ते उगाच नव्हे.

म्हणून फिल्टर निवडताना अधिक हवा सोडणारा नव्हे, तर अधिक धूळ अडवणारा निवडावा. तेल लावलेला सुती फिल्टर घेतला तर धुतल्यावर तेल बेताने लावावे. ते जास्त झाले की संवेदकावर जाऊन बसते. कागदी फिल्टर आकाराने मोठा घेतला, तर तो हवाही पुरेशी देतो आणि धूळही राखतो.

दुसरा धोका पाण्याचा. अधिक थंड हवेच्या मोहाने नळीचे तोंड बंपरच्या खालपर्यंत नेले आणि गाडी पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर किंवा पाण्याखाली गेलेल्या पुलावर घातली, तर इंजिन हवेबरोबर पाणीही ओढते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा हानीवर विमा कंपनी सहजी पैसे देईल, हे गृहीत धरू नये.

राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कठोरपणेच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. वॉरंटीतील गाडीबाबत कंपनीच्या अटी वेगळ्याच. म्हणून आधी विक्रेत्याकडून, विमा प्रतिनिधीकडून आणि परिवहन कार्यालयातून नेमके काय चालते ते लेखी विचारून घ्यावे, मगच कारागिराकडे जावे.

ज्या तरुणाला हे शास्त्र मनापासून शिकायचे आहे, त्याच्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फॉर्म्युला स्पर्धा हे अधिक मोकळे मैदान आहे. तेथे विद्यार्थी स्वतः रेसिंग गाडी बांधतात. पेट्रोल इंजिनात जाणारी सगळी हवा अवघ्या २० मिलिमीटरच्या गोल छिद्रातून गेली पाहिजे, असा नियम असतो. त्या छिद्रामागे हवेचा डबा कसा घडवावा, यातच संघाची बुद्धी पणाला लागते. रस्त्यावरचा कायदा तेथे आड येत नाही, आणि घरच्या गाडीचे इंजिनही पणाला लागत नाही. नांदेडला १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंहजी यांच्या नावाची अभियांत्रिकी संस्था आहे. अशा संस्थेत शिकणाऱ्या मुलाने ही हौस विषय म्हणूनच हाती घेणे उत्तम.

आणि सर्व पाहून डबा बसवलाच, तर कंपनीचा मूळ डबा व त्याचे सर्व क्लॅम्प कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवावेत. एक हजार किलोमीटरनंतर फिल्टरपुढच्या पाइपात पांढरे सुती फडके फिरवून पाहावे. ते पांढरेच निघाले तर पुन्हा पाच हजारांनी पाहावे. फडक्यावर मातीची एक रेघ जरी उमटली, तरी त्याच दिवशी मूळ डबा परत बसवावा.