हवा कायद्यातली ‘संमती’ म्हणजे काय?

परभणीच्या एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग द्रावकानं धुऊन देणारं शेड काढायचं, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कागद लागतो. बोलताना आपण त्याला ‘लायसन’ म्हणतो. 1981च्या हवा कायद्याचं कलम 21 मात्र ‘संमती’ म्हणतं. त्या शब्दापाशी आज आपण थोडं थांबू.

आधी यंत्र पाहू. ट्रायक्लोरोइथिलीनसारखं द्रावक टाकीत तापवतात. ते सुमारे 87 अंश सेल्सिअसला उकळतं. वाफ थंड धातूवर बसते, तिचा द्रव होतो आणि ग्रीस घेऊन खाली ठिबकतो. टाकीच्या वरच्या भागात थंड नळ्या असतात. त्या उरलेली वाफ अडवतात. पण झाकण उघडं राहिलं किंवा भाग घाईनं उचलला, की वाफ निसटते. ती हवेपेक्षा चौपटीहून जड, म्हणून आधी टाकीभोवतीच उतरते. तिथं कामगार उभा असतो. आणि हे रसायन माणसात कर्करोग घडवतं, अशी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेची नोंद आहे.

आता संमती. ती दोनदा घ्यायची: उभारणीआधी एकदा, चालू करण्याआधी पुन्हा. तिला अटी असतात, मुदत असते. मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय परभणीतच आहे.

तत्त्वज्ञानात आपण म्हणतो, माहिती लपवून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे. डॉक्टरनं धोका न सांगता सही घेतली तर आपण काय म्हणू? इथंही तेच. हवा सगळ्या गावाची; मंडळ गावाच्या वतीनं ‘हो’ म्हणतं. अर्जात द्रावकाचा वापर कमी दाखवला, तर ते ‘हो’ पोकळ ठरतं.

छोटा मालक म्हणेल, “सर, आमचं काम ते केवढं!” बरं, मग हिशेब करू. समजा वर्षात 200 लिटर द्रावक आणलं. 120 लिटर वापरलेलं द्रावक घातक कचरा म्हणून रीतसर दिलं. टाकीतला साठा होता तेवढाच आहे. उरलेले 80 लिटर गेले कुठं? बहुतेक हवेतच, नाही का? आणि त्यात मालकाचे पैसेही उडाले. झाकण, थंड नळ्या, सावकाश उचलणं यांनी दोन्ही वाचतं.

एक प्रश्न उरतो. टाकीजवळच्या कामगाराला कोणी विचारलं? शेडच्या आतल्या हवेसाठी कामगार-सुरक्षेचे वेगळे नियम आहेत. मंडळाच्या कागदानं ती जबाबदारी संपत नाही. म्हणून आपलं सांगणं इतकंच: संमतीपत्रातल्या अटी आणि या द्रावकाचे धोके मराठीत लिहून टाकीशेजारच्या भिंतीवर लावा, आणि कामगारांना वाचून दाखवा. ते प्रश्न विचारतील. विचारू द्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.