स्वभावाला औषध नाही, दातांना आहे

विहारातल्या आरोग्य शिबिरात रक्तदाब तपासायला रांग लागते, साखर तपासायलाही लागते. पण "तोंड उघडा, दात बघू" म्हटले की माणसे मागे सरतात. कोणी हसण्यावारी नेतो, कोणी "मला काही त्रास नाही" म्हणून मोकळा होतो, एखादी ताई तोंडाला पदर लावते. एकाच वस्तीतल्या, एकाच नळाचे पाणी पिणाऱ्या, सारख्या मिळकतीच्या दोन माणसांचे दात इतके वेगळे कसे, हा प्रश्न आम्हा परिचारिकांना नेहमी पडतो. उत्तराचा एक भाग स्वभावात आहे.

न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास तिथले संशोधक आजवर करीत आले आहेत. त्यातल्या ९१६ जणांचा स्वभाव वयाच्या २६ व्या वर्षी नोंदवला गेला आणि ३२ व्या वर्षी त्यांचे दात तपासले गेले. चटकन घाबरणारी, चिंता करणारी, रागाने धुमसणारी माणसे तोंडाच्या तक्रारी जास्त सांगत होती. पण प्रकरण नुसत्या तक्रारींचे नव्हते. किडीमुळे दात गमावण्याचा आणि दात किडलेले असण्याचा धोकाही त्यांच्यात जास्त आढळला.

असे का होते, ते वस्तीतही दिसते. दाढ ठणकते. भिऊन जायचे टाळतो. मेडिकलमधून गोळी आणतो, लवंग दाबून धरतो. दोन दिवसांनी ठणका थांबतो आणि माणसाला वाटते, बरे झाले. खरे म्हणजे अनेकदा दाताची नस मेलेली असते आणि कीड आत चालूच असते. सहा महिन्यांनी गाल सुजतो. सुरुवातीलाच गेला असता तर छोटीशी फट भरून काम झाले असते. आता रूट कॅनाल किंवा दाढ काढणे. म्हणजे ज्याची भीती होती तेच वाट्याला येते आणि पुढच्या वेळी भीती दुप्पट. शिवाय चिंता करणारी माणसे झोपेत दात खातात, त्याने दात झिजतात. मनाच्या आजारावरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. लाळ कमी झाली की कीड वाढते. म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

काटेकोर स्वभावाच्या माणसांचे दात बहुधा चांगले असतात. पण त्यांच्यातही काही जण कडक ब्रशने भांडी घासावी तसे दात घासतात. हिरड्या मागे सरकतात, दाताची मुळे उघडी पडतात, मग थंड पाणीही झोंबते. स्वच्छतेला जोर लागत नाही, वेळ लागतो. मऊ ब्रश आणि दोन मिनिटे.

मनमिळाऊ, चार माणसांत रमणाऱ्यांचा धोका वेगळा. तंबाखू मळून पुढे केलेला हात त्यांना नाकारता येत नाही. मिसरीही अशीच, शेजारणीच्या संगतीने लागते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते ते कुठल्याही पानटपरीवर उभे राहून पाहावे!

पण स्वभावाची गोष्ट इथेच थांबवली तर ती धोक्याची ठरेल. दवाखान्याच्या खुर्चीत बसलेल्या आपल्या माणसाला "तुम्ही लोक दात घासत नाही का?" हे ऐकावे लागते, आम्ही ते कानांनी ऐकले आहे. एकदा असे ऐकलेला माणूस पुन्हा त्या दारात जात नाही, आणि पुढे कागदावर तो 'निष्काळजी' ठरतो. डनेडिनच्याच अभ्यासाने २००२ साली दाखवले की बालपण गरिबीत गेलेल्यांचे दात आणि हिरड्या मोठेपणी जास्त खराब असतात, पुढे मिळकत सुधारली तरीही. ज्या घरात एक ब्रश तिघांत होता, त्या घरातल्या लेकराला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

बाबासाहेबांनी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत भगिनींना स्वच्छ राहा, व्यसनांपासून दूर राहा, असे सांगितले. ते हिणवण्यासाठी नव्हते, माणूस बदलू शकतो या विश्वासाने होते. तथागतांनीही भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा दिली आणि त्याचे पाच लाभ सांगितले. डोळ्यांना हित, तोंडाला दुर्गंधी नाही, अन्नाला रुची, असे साधे लाभ आहेत ते. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात हे सुत्त आहे. उपासकांनी जरूर काढून वाचावे.

भित्र्या माणसाने भीती लपवू नये. खुर्चीत बसण्याआधीच सांगावे, "मला भीती वाटते, मी हात वर केला की थांबा." पहिल्या खेपेला फक्त तपासणी करून यावे, सोबत कोणाला तरी न्यावे आणि सकाळची वेळ घ्यावी, म्हणजे दिवसभर धास्ती राहत नाही. विसराळू माणसाने ब्रश रोजच्या एखाद्या कामाला बांधावा. रात्री त्रिसरण-पंचशील म्हणत असाल तर त्याआधी दात घासावेत. फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी, घासून झाल्यावर थुंकावे, भरभरून चुळा भरू नयेत. भिडस्त माणसाने तंबाखूला नाही म्हणण्याचे एक वाक्य आधीच पाठ करून ठेवावे. "डॉक्टरांनी बंद केलंय" हे चालून जाते. आणि घरात सगळ्यांचे करून स्वतःला शेवटी ठेवणाऱ्या ताई-माईंनी निदान मधुमेह असेल तर हिरड्यांतून येणारे रक्त अंगावर काढू नये. हिरड्यांचा आजार आणि साखर एकमेकांना वाढवतात.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, किंवा स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावत नसतील, तर स्वभाव कसाही असो, त्याच आठवड्यात दाखवा. जिल्हा रुग्णालयातल्या दंत विभागात जाता येईल. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालये आहेत. केसपेपर सकाळीच काढावा, दुपारनंतर हेलपाटा पडतो.