रोहिड्याच्या हंगामातला एक दिवस

पहाटे ५
मे सरत आला की जोधपुरात कामाचे तास ऊन चढण्याआधीचे आणि ऊन उतरल्यानंतरचे. रोपवाटिकेत आधी पाणी, मग रोहिड्याच्या रोपांच्या पिशव्या सरकवणं. गेल्या वर्षीच्या रोपांची सोटमुळं पिशवीचं बूड फोडून जमिनीत घुसू पाहतात. तशीच राहिली तर पावसाळ्यात उचलताना तुटतात आणि रोप दगावतं. म्हणून दोघीजणी पिशव्या हलवतात, मी कात्रीने बाहेर आलेली मुळं छाटते.

सकाळी ६.३०
रोहिड्याच्या शेंगा तोडायला गाडी ढाण्यांकडे, म्हणजे शेतातल्या वस्त्यांकडे, निघते. बाकदार, बारीक शेंगा तपकिरी झाल्या की लगेच उतरवायच्या. एकदा तडकल्या की कागदासारखं पंखाचं बी लूच्या गरम वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे जातं. कुठल्या झाडाचं बी घ्यायचं ते फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरतं. तेव्हा पिवळी, नारिंगी, लाल फुलं दुरून ओळखू येतात. सरळ, निरोगी खोडाच्या झाडांना खूण करून ठेवतो. सगळं बी एकाच झाडाचं नको. शेंगा भरायला दुसऱ्या झाडावरचे परागकण लागतात, ते शिंजीर आणि बुलबुल आणतात. शेतात एकटं उरलेलं झाड फुलांनी लगडतं, पण शेंगा मोजक्याच धरतं.

सकाळी ८.३०
एका खोडाची हातभर साल सोललेली दिसते. यकृत आणि प्लीहेच्या विकारांवर आयुर्वेदाने हीच साल सांगितली, रोहितकारिष्ट हे औषध तिचंच. एका बाजूची थोडी साल काढली तर झाड सावरतं, चहूबाजूंनी सोललं तर वाळतं. लाकूड त्याहून मोलाचं. वाळवी लागत नाही, कोरीवकाम सुरेख उठतं, म्हणून त्याला ‘मारवाडचा साग’ म्हणतात.

शेताचे मालक ताक घेऊन येतात.
“काकोसा, नांगरताना खेजडीचं रोप तुम्ही सोडता, रोहिड्याचं का नाही?”
“बाईसा, खेजडी दरसाल सांगरीच्या शेंगा देते, बकऱ्यांना पाला देते. रोहिड्याचं लाकूड माझ्या नातवाला मिळेल. तोवर ट्रॅक्टर किती वेळा वळवू?”

१९८३ मध्ये राजस्थानने खेजडीला राज्यवृक्ष केलं आणि रोहिड्याच्या फुलाला राज्यपुष्प. मान दोघांनाही मिळाला, पण शेतातला हिशेब वेगळा. बैलाच्या नांगराला चुकवून वाढणारं रोप ट्रॅक्टरच्या फाळाखाली सापडतं, वाचलंच तर बकरीच्या तोंडी जातं. दाट रोहिडा विरळ होत गेला त्यात कुऱ्हाडीइतकाच ट्रॅक्टर आणि बकरीचाही हात आहे.

दुपारी १२
बाहेर उभं राहवत नाही. खोलीत पंखा बंद करून बी निवडतो, कारण वाऱ्याची झुळूकही ते उडवते. पोचट आणि किडकं बाजूला. झाडाचा क्रमांक, गाव आणि तारीख चिठ्ठीवर. हे बी फार काळ टिकत नाही, वर्षभरात त्याची उगवण खूप घटते. त्यामुळे ताजं बी पेरणं हाच सोपा उपाय.

संध्याकाळी ५
वाळू, माती आणि चाळलेलं शेणखत यांनी पिशव्या भरलेल्या असतात. प्रत्येकीत दोन बिया, त्यावर जेमतेम झाकेल इतकी वाळू. खोल गेलं तर कोंब वर येत नाही. पाणी बारीक झारीनेच. एरवी बी पाण्याबरोबर तरंगून कडेला जातं. आठवड्या-दोन आठवड्यांत उगवण दिसते, पण ही रोपं शेतात जातील पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात.

रात्री ८
जुलैत द्यायच्या रोपांची यादी लिहिते. रोपवाटिकेत रोहिडा उगवणं अवघड नाही. पहिली काही वर्षं शेतात टिकवणं अवघड, आणि ते काम आमच्या हातात नाही. म्हणून यादीत रोपांच्या संख्येशेजारी एक रकाना वाढवला आहे: जागा. शेताच्या मध्यावर रोप मागणाऱ्याला आधी बांध सुचवायचा. तिथे फाळ पोचत नाही. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण करायची तयारी असेल तरच रोप द्यायचं. काकोसांनी ताकाचा पेला परत घेताना बांधावरच्या पाच जागा दाखवल्या. त्यांच्या नावापुढे पाच लिहिले.