कुंडीतलं झाड आणि बर्मिंगहॅमची थंडी

अकलोलीत थंडी अशी ती कितीशी? जानेवारीच्या पहाटे तानसा नदीवर धुकं उतरतं, गरम पाण्याच्या कुंडांवर वाफ तरंगते. शाळेत मुलं स्वेटर घालून येतात आणि मधल्या सुट्टीपर्यंत तोच स्वेटर कमरेला बांधलेला असतो. अशा गावात राहून मी थंड मुलखातल्या बोन्सायवर लिहावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण हा धडा मला माझ्या थोरल्या बहिणीपायी गिरवावा लागला.

आपा लग्न होऊन इंग्लंडात बर्मिंगहॅमला गेली, त्याला चोवीस वर्षं झाली. पाच वर्षांपूर्वी अम्मीचा इंतकाल झाला तेव्हा तिला वेळेवर पोहोचता आलं नाही, शेवटचं तोंड पाहता आलं नाही. चाळीस दिवस झाल्यावर एका रात्री फोनवर म्हणाली, "मोरीमागच्या भिंतीत वडाचं रोप उगवलंय ना, ते मला पाठव. अम्मी त्याला वुजूचं पाणी घालायची."

पाठवणार कसं? रोपं परदेशात बॅगेत घालून नेता येत नाहीत. त्यांना रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. मग आम्ही ठरवलं, मी ते रोप इथं कुंडीत वाढवीन आणि ती तिथं वडाच्याच कुळातलं एक बोन्साय आणील. दोघी रोज पाणी घालू. तिनं फायकसचं बोन्साय आणलं. मला हुरूप आला आणि मी वडाच्या जोडीला एका नर्सरीतून जुनिपरचं रोपही विकत घेतलं, चित्रातल्या जपानी बोन्सायसारखं.

वर्षभरात दोन्ही विकतची झाडं गेली. आपाचं फायकस उन्हाळ्यात बागेत छान फोफावलं, आत घ्यायचं राहून गेलं आणि पहिल्याच कडक दहिवरात काळं पडलं. माझं जुनिपर उन्हाळा-पावसाळ्यात झिजत गेलं. मेल्यावरही ते कित्येक आठवडे हिरवं दिसत होतं. जुनिपरची ती खोडच आहे. आपा फोनवर रडली. रडणं फायकससाठी नव्हतं, हे मला कळत होतं.

चूक एकच होती

बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत लावलेलं झाड. ही काही बुटक्या झाडांची वेगळी जात नव्हे. कलेचं मूळ चीनमध्ये, बहर जपानमध्ये. झाड लहान राहतं ते छाटणीमुळे आणि आवरलेल्या मुळांमुळे. स्वभाव मात्र त्याच्या मोठ्या भावंडांचाच. वडाला बारा महिने ऊब हवी. मेपल, लार्च, जुनिपर यांना हिवाळ्यात काही आठवडे खऱ्या थंडीत झोप हवी. ती मिळाली नाही तर झाड दर वर्षी थकत जातं. मी थंडीतलं झाड उकाड्यात आणलं, आपानं उकाड्यातलं झाड थंडीत ठेवलं. म्हणून पहिला नियम हा: जे झाड तुमच्या गावात कुंपणाला आपोआप उगवतं, तेच आधी निवडा.

आपाच्या गल्लीत कुंपणाला हॉथॉर्न आणि फील्ड मेपल होते. दोन्ही तिथलेच आणि थंडीला सरावलेले. हॉर्नबीम आणि लार्चही नवशिक्याला चालतात. बर्मिंगहॅमच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बोन्सायचा मोठा संग्रह आहे. त्यात जपानच्या ओमिया शहरानं भेट दिलेलं एक जुनं जुनिपर आहे, तेही उघड्यावरच. ते पाहून आल्यावर आपाला धीर आला.

सुरुवात कशी करावी

बी पेरून बोन्साय करायचं तर खोड जाड व्हायला कित्येक वर्षं जातात. त्यापेक्षा नर्सरीतलं साधं, स्वस्त रोप घ्यावं. फुलोरा पाहू नये. वरची माती बोटानं बाजूला करून बुंधा पाहावा. मुळं चारही बाजूंनी पसरलेली, खोड खाली जाड आणि वर निमुळतं, फांद्या खालपासून फुटलेल्या, असं रोप निवडावं.

घरी आणल्या आणल्या कात्री चालवू नये. वर्षभर त्याच कुंडीत रुळू द्यावं, ऊन कुठून येतं ते पाहावं. एका हंगामात एकच मोठं काम करावं: एक तर फांद्यांची छाटणी, नाही तर मुळांची. थंड मुलखात कुंडी बदलायची वेळ वसंताच्या तोंडावर, कळ्या फुगू लागल्या की पानं उमलण्याआधी. माती भरड आणि पाणी झिरपणारी हवी. चिकट मातीत पाणी साचतं आणि थंडीत ओल्या मुळांना ते घातक ठरतं.

हिवाळ्यात मुळं सांभाळा

आपल्या बायकांना वाटतं, थंडी पडली की झाड घरात घ्यावं. मायेनं केलेली ही चूक आहे. हीटरच्या उबेत झाडाला हिवाळा कळतच नाही आणि त्याची झोपमोड होते. ते बाहेरच हवं. मात्र जमिनीतल्या मुळांना मातीची गोधडी असते, उथळ कुंडीतल्या मुळांना नसते. म्हणून कडक थंडीत कुंडी जमिनीवर भिंतीच्या आडोशाला ठेवावी किंवा काठापर्यंत मातीत पुरावी, वरून पालापाचोळा घालावा. बोचऱ्या वाऱ्यापासून जपावं. पाणी कमी लागतं, पण माती कोरडी ठणठणीत होऊ देऊ नये.

भिंतीच्या आडोशावरून हिरोशिमाचं पाइन आठवतं. 1625 पासून वाढवलेलं हे बोन्साय 6 ऑगस्ट 1945 रोजी बॉम्ब पडला त्या जागेपासून तीनेक किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या आवारात भिंतीआड होतं. ते वाचलं. 1976 मध्ये त्या कुटुंबानं ते अमेरिकेलाच भेट दिलं. आजही ते वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये आहे.

आणि आपल्याकडे?

ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्यांनी वड, पिंपळ, उंबर, चिंच, बोगनवेल यांतून निवडावं. जुन्या भिंतीत, गटाराच्या कडेला उगवलेली रोपं फुकट मिळतात; भिंतीला अपाय न करता मुळासकट काढावीत. विटांचा भरड चुरा, नदीची जाडी वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळावं. पावसाळ्याच्या सुरुवातीला वडाची कुंडी बदलली तर तो लवकर सावरतो. आपला वैरी दहिवर नव्हे. साचलेलं पाणी आणि मे महिन्यातलं दुपारचं ऊन हे आपले वैरी. कुंडीची भोकं मोकळी ठेवा आणि उन्हाळ्यात दुपारची सावली द्या.

एकदा आमच्या शिक्षकखोलीत एक सहकारी म्हणाल्या, "झाडाचे पाय बांधून ठेवणं हा जुलूम नाही का?" प्रश्न खरा आहे. उपाशी ठेवून, तार रुतवून झाड खुरटवणं हा जुलूमच. पण पाणी, खत, ऊन देऊन वेळेवर छाटलेलं झाड कुंडीत पिढ्यान् पिढ्या जगतं.

आपानं पुढे फील्ड मेपल आणलं. पहिल्या नोव्हेंबरात त्याची पानं पिवळी पडून सगळी गळाली आणि तिचा फोन आला, "हेही गेलं. माझ्या हाताला यशच नाही." मी म्हटलं, "आपा, टाकू नकोस. बारीक फांदीवर नखानं जरासं खरवड." थोडा वेळ फोनवर काहीच ऐकू आलं नाही. मग हळू आवाजात म्हणाली, "आत हिरवं आहे गं."

त्या हिवाळ्यात तिनं त्या काटक्यांना भिंतीआड सांभाळलं. एप्रिलमध्ये एका सकाळी तिनं फोटो पाठवला: बोटाच्या पेराएवढं कोवळं पान. खाली लिहिलं होतं, "अल्हम्दुलिल्लाह. वुजूचं पाणी मीही घालते."

मोरीमागचा वड आता माझ्या गच्चीवर वीतभर उंचीचा झालाय. पुढच्या सुट्टीत आपा येईल तेव्हा, इन्शाअल्लाह, त्याची कुंडी आम्ही दोघी मिळून बदलणार आहोत.